एक कोटी एकतीस लाख ओळी आणि तीन डेटाबेस

आई सकाळी डेअरीत दूध घालून परत आली तेव्हा माझा संगणक अजून घरघरत होता. रात्री साडेनऊला मी एक फाइल डेटाबेसमध्ये भरायला लावली होती आणि उठेपर्यंत होईल या भरवशावर झोपले होते. सोप्यात किटली ठेवत आईने विचारलं, "अजून झालं न्हाई व्हय गं तुझं?" पडद्यावरचा आकडा अठरा लाखांच्या थोडा पुढे होता. फाइलमध्ये ओळी होत्या एक कोटी एकतीस लाख.

काम आमच्याच भागातल्या एका दूध संघाचं होतं. गावोगावच्या संस्थांचं जुनं दूध संकलन एका जागी आणायचं आणि त्यावरून दहा-दहा दिवसांची जुनी बिलं पुन्हा तपासायची. संस्था १२०, प्रत्येकीत सरासरी दीडशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्या आणि वर्षाचे ३६५ दिवस. गुणाकार केला की एका वर्षाच्या १,३१,४०,००० ओळी होतात, आणि अशी सहा वर्षं. एका ओळीत सातच गोष्टी: संस्था, उत्पादक क्रमांक, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). दर आणि रक्कम नंतर दरपत्रकावरून काढायची. या ओळींमध्ये आमच्या आईचाही क्रमांक आहे, म्हणून या कामात माझा जीव जरा जास्तच अडकला होता.

डेटाबेस कुठला घ्यायचा ते संघाने माझ्यावर सोपवलं होतं. म्हणून ठरवलं की २०२१-२२ चं एक वर्ष एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस अशा तिन्हींत भरून बघायचं, आणि जो लवकर भरेल तो घ्यायचा. हा निकष किती अपुरा आहे ते पुढे कळलं.

आधी त्या रात्रीचं सांगते. मी पायथनमध्ये एसक्यूलाइटसाठी छोटा प्रोग्राम लिहिला होता. एक ओळ वाचायची, इन्सर्ट करायची म्हणजे डेटाबेसात घालायची, कमिट करायचं, पुढची ओळ घ्यायची. लिहायला सोपा, वाचायला सरळ. पण कमिट म्हणजे डेटाबेसने दिलेला शब्द असतो, की आता वीज गेली तरी ही नोंद जाणार नाही. तो शब्द पाळायचा तर नोंद खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. माझ्या जुन्या मशीनमधली हार्डडिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की एका व्यवहाराला, म्हणजे कमिटने संपणाऱ्या कामाच्या एका गाठोड्याला, तबकडीचे साधारण दोन फेरे लागतात, त्यामुळे अशा डिस्कवर सेकंदाला साठेक व्यवहारच होतात. साठने भागा: दोन लाख एकोणीस हजार सेकंद. अडीच दिवस! साडेआठ तासांत अठरा लाख हा आकडा अगदी हिशोबात बसणारा होता. मी मात्र रात्रभर पायथनला दोष देत कूस बदलत होते.

त्याच माहितीत पुढे असंही म्हटलंय की हेच इन्सर्ट एका व्यवहारात बांधले, तर साध्या डेस्कटॉपवरही सेकंदाला ५०,००० किंवा त्याहून जास्त होतात. मी सुरुवातीला व्यवहार उघडणारं बिगिन आणि शेवटी कमिट घातलं, एवढाच बदल. चहा पिऊन होईस्तोवर काम झालं. डिस्क तीच, प्रोग्राम तोच. फरक एवढाच की एक कोटी एकतीस लाख वेळा शब्द देण्याऐवजी एकदाच दिला.

म्हणून कोणी "अमुक डेटाबेस तमुकपेक्षा शंभरपट वेगात भरतो" असं सांगितलं की मी आधी विचारते, कमिट कितीदा केलं होतं? बऱ्याच तुलना तिथेच निकालात निघतात.

यानंतर मी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घेतली आणि तिन्ही डेटाबेस त्याच मशीनवर बसवले. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांनाही मोठा डेटा भरायची चांगली साधनं आहेत, एसक्यूएल लोडर आहे, बल्क इन्सर्ट आहे. पण त्यांच्या परवान्यांत अशी अट असते की कंपनीच्या परवानगीशिवाय वेगाच्या चाचणीचे निकाल जाहीर करायचे नाहीत. या अटीला लोक 'डेविट क्लॉज' म्हणतात. डेव्हिड डेविट हे विस्कॉन्सिन विद्यापीठातले संशोधक. १९८३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर डेटाबेसची जाहीर तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात ओरॅकलची कामगिरी चांगली दिसली नाही, आणि पुढे ही अट आली. चाळीस वर्षं होऊन गेली तरी ग्राहकाला स्वतः मोजलेला आकडा दुसऱ्याला सांगता येत नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. दूध मोजायच्या काट्यावर कापड टाकल्यासारखं आहे ते.

मोठा डेटा भरताना इन्सर्ट वापरायचाच नसतो. पोस्टग्रेसमध्ये कॉपी आहे, मायएसक्यूएलमध्ये लोड डेटा. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये लोड डेटा हा इन्सर्टपेक्षा सहसा वीसपट वेगवान असतो असं स्पष्ट लिहिलंय. कारण साधं आहे. प्रत्येक इन्सर्ट हे एक स्वतंत्र वाक्य. ते सर्व्हरकडे जाणार, सर्व्हर ते वाचून अर्थ लावणार, योजना करणार, ओळ ठेवणार, उत्तर धाडणार. कॉपीमध्ये वाक्य एकदाच, मग ओळींचा नुसता प्रवाह. पोस्टग्रेस त्या ओळी घोळक्याने घेऊन एकेक पान भरत जातो.

संघाचा डेटा घ्यायच्या आधी मी टीपीसी-एच या प्रसिद्ध चाचणीतल्या तयार डेटावर हात साफ केला. तिच्या डीबीजेन या प्रोग्रामने सर्वांत लहान अधिकृत मापाचा संच काढला की लाइनआयटम नावाच्या टेबलाच्या बरोबर ६०,०१,२१५ ओळी मिळतात, सोळा कॉलमांच्या. या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटीही एक जादा उभी रेघ असते. पोस्टग्रेस पहिल्याच ओळीला अडला: शेवटच्या कॉलमनंतर जादा मजकूर आहे, घेणार नाही. मायएसक्यूएलने त्याच ओळी आत घेतल्या. मी सेड या लिनक्सच्या आज्ञेने शेवटची रेघ पुसली आणि पोस्टग्रेस हट्टी आहे अशी नोंद वहीत केली. त्या नोंदीशेजारी आता मी लाल शाईने दुरुस्ती लिहिलीय, का ते पुढे कळेलच.

संघाच्या फाइलीवर दोघांत जो पहिला मोठा फरक दिसला तो समजायला मला दोन दिवस लागले. ज्यांनी दुकानाची किंवा सोसायटीची वही लिहिलीय त्यांना तो पटकन कळेल. पोस्टग्रेसचं टेबल म्हणजे रोजकीर्द. व्यवहार जसा आला तसा पुढच्या रिकाम्या जागेत लिहायचा, पान भरलं की दुसरं पान. मायएसक्यूएलचं नेहमीचं, इनोडीबी प्रकारचं टेबल म्हणजे खतावणी. प्रत्येकाचं खातं ठरलेल्या जागी, आणि नोंद त्या खात्याच्या पानावर जाऊनच करायची. तिथे ओळी प्राथमिक किल्लीच्या, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल अशा कॉलमांच्या, क्रमानेच ठेवल्या जातात.

माझी प्राथमिक किल्ली होती संस्था, उत्पादक, तारीख, पाळी. फाइल मात्र तारखेच्या क्रमाने होती: एक एप्रिलच्या सकाळच्या सगळ्या उत्पादकांच्या ओळी, मग संध्याकाळच्या, मग दोन एप्रिल. म्हणजे प्रत्येक पाळीला खतावणीची अठरा हजार खाती एकेक करून उघडायची, प्रत्येकात एक ओळ लिहायची आणि मिटायची. वही लहान असते तोवर हे जमतं, कारण सगळी पानं हाताशी असतात. इनोडीबी जी पानं हाताशी ठेवतो त्या बफर पूलचं मूळ माप आहे १२८ एमबी. टेबल त्याच्या पुढे वाढलं की पान डिस्कवरून आणा, एक ओळ लिहा, परत ठेवा, असं सुरू होतं. माझ्या मोजणीत पहिले काही लाख झपाझप गेले आणि मग वेग असा पडत गेला, की मला डिस्कच खराब झाल्याची शंका आली.

उपाय डेटाबेसच्या बाहेर होता. लिनक्सच्या सॉर्टने फाइल आधी संस्था आणि उत्पादकाच्या क्रमाने लावून घेतली, मग लोड डेटा चालवला. तासांचं काम मिनिटांवर आलं. आता खतावणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात लिहिली जात होती. बफर पूल वाढवल्यावर आणखी सुधारलं, पण खरं काम क्रमाने केलं. ज्यांची किल्ली यूयूआयडीसारखी (आपोआप बनणारा लांबलचक, कसाही येणारा क्रमांक) विस्कळीत असते त्यांना हा त्रास कायमचा, कारण तिथे आलेल्या क्रमाला काही अर्थच नसतो.

पोस्टग्रेसला रोजकीर्दीमुळे फाइलीच्या क्रमाचं सोयरसुतक नाही. पण टेबलावर इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या क्रमवार याद्या, असतील तर तीच खतावणी तिथेही मागच्या दाराने येते. म्हणून आधी उघडं टेबल भरायचं आणि मग इंडेक्स बांधायचे. इथे मोजणाऱ्याने स्वतःशी खरं वागायला हवं. पोस्टग्रेसचा वेळ इंडेक्सशिवाय आणि मायएसक्यूएलचा किल्लीसकट, अशी तुलना मी पहिल्या दिवशी केली होती आणि पोस्टग्रेस फार पुढे दिसला होता. इंडेक्स बांधायचा वेळ मिळवल्यावर अंतर बरंच मिटलं. फाइल लावायचा वेळही मायएसक्यूएलच्या खात्यात धरायलाच हवा होता.

अशी आणखी एक चूक मी केली. आधी पोस्टग्रेसमध्ये भरलं, लगेच तीच फाइल मायएसक्यूएलमध्ये. दुसऱ्या वेळी फाइल डिस्कवरून वाचायची गरजच नव्हती, ती आधीच मेमरीत बसलेली. आता मी प्रत्येक वेळी कॅशे रिकामी करते, तीनदा चालवते आणि मधला आकडा घेते.

लॉगचंही, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलींचंही, तसंच. मायएसक्यूएल ८.० मध्ये बिनलॉग नावाचा दुसरा लॉग मुळातच चालू असतो, म्हणजे प्रत्येक ओळ कोसळल्यावर सावरण्यासाठीच्या रीडू लॉगमध्ये जाते आणि बिनलॉगमध्येही. पोस्टग्रेस वॉल (WAL) नावाच्या त्याच्या लॉगमध्ये लिहितो. त्याला अनलॉग्ड टेबल दिलं तर वॉल लिहावा लागत नाही आणि वेग वाढतो, पण सर्व्हर अचानक कोसळला तर ते टेबल उठताना रिकामं करूनच मिळतं. मायएसक्यूएलमध्ये ८.०.२१ पासून अख्खा रीडू लॉग बंद करता येतो, पण त्या अवस्थेत वीज गेली तर एक टेबल नाही, सगळा सर्व्हरच हातचा जाऊ शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून या दोन्ही युक्त्या मी नुसत्या मोजून सोडून दिल्या. पोस्टग्रेसची एक युक्ती मात्र मनापासून आवडली. वॉलची पातळी मिनिमल ठेवायची आणि टेबल तयार करणं नि कॉपी हे एकाच व्यवहारात करायचं. मग ओळी वॉलमध्ये लिहीतच नाहीत, कमिटच्या वेळी टेबलाची फाइल थेट डिस्कवर पक्की करतात. मध्येच काही झालं तर टेबल मुळात नव्हतंच. वेगही मिळतो आणि शब्दही मोडत नाही.

एवढं सगळं सारखं केल्यावर माझ्या मशीनवर क्रम असा लागला: एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस जवळजवळ बरोबरीने, लावलेल्या फाइलीसह मायएसक्यूएल थोडा मागे. सेकंदांचे आकडे मुद्दाम देत नाही. ते माझ्या डिस्कचे आणि माझ्या सात कॉलमांचे आहेत, तुमच्या कामाला ते लागू पडणार नाहीत. आणि ही मोजणी सुरू असतानाच जे झालं त्यानंतर त्या सेकंदांना माझ्या लेखी फारशी किंमतही उरली नाही.

टीपीसी-एचनंतर संघाची फाइल मी पोस्टग्रेसच्या आधी मायएसक्यूएलमध्ये भरली होती, लोड डेटा लोकलने. ओळी मोजल्या, फाइलीइतक्याच होत्या. लिटरची बेरीज केली आणि पडताळा म्हणून फाइलीवर ऑक हा लिनक्सचा मजकूर हाताळणारा प्रोग्राम चालवून तीच बेरीज काढली. दोन्ही आकडे दशांशापर्यंत जुळले. मी समाधानाने पोस्टग्रेसकडे वळले आणि तो बत्तीस लाखांच्या पुढच्या एका ओळीवर थांबला. निरोप असा: ओळ क्रमांक अमुक, कॉलम लिटर, मजकूर "४.५", हा आकडा म्हणून वाचता येत नाही.

मी त्या मजकुराकडे बराच वेळ बघत बसले. चार पूर्णांक पाच, त्यात न वाचण्यासारखं काय आहे? मग लक्षात आलं की ते मराठी अंक आहेत. मला ते सहज वाचता येत होते म्हणूनच मला दिसत नव्हतं. आसपासच्या ओळींतले सगळे आकडे इंग्रजी अंकांत होते, आणि एका संस्थेचा जुलै २०२१ चा पूर्ण महिना मराठी अंकांत. लिटर, फॅट, एसएनएफ, तिन्ही कॉलम.

ती आमच्याच गावची संस्था. त्या जुलैत कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा संस्थेचं संकलनाचं यंत्र बुडालं. सचिव तात्यांनी हाताने लिहिलेलं रजिस्टर तेवढं माळ्यावर टाकून वाचवलं होतं. नंतर त्यांनी ते एकट्याने, एका बोटाने टाइप करत संगणकावर उतरवलं. सात हजारांवर ओळी. मी फोन केला तर म्हणाले, "रजिस्टर मराठीत हुतं पोरी, तसंच उतरलं की." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मग मी मायएसक्यूएलमध्ये त्याच ओळी काढून बघितल्या. लिटर शून्य, फॅट शून्य, एसएनएफ शून्य. लोकल हा शब्द वापरला की फाइल माझ्याकडून सर्व्हरकडे वाहत असते, ती मध्येच थांबवायची सोय सर्व्हरला नसते, म्हणून चुकीच्या किमतीवर तो अडत नाही. जमेल ती किंमत घालतो आणि इशारा नोंदवतो. आकडा न वाटणाऱ्या मजकुराची जमेल ती किंमत शून्य. इशारे एकवीस हजारांवर होते, पण मी आज्ञा बॅच मोडमध्ये, म्हणजे समोर न टाइप करता फाइलीतून, चालवली होती आणि तिथे ती इशाऱ्यांची ओळ मागितल्याशिवाय दिसत नाही. फाइल सर्व्हरवर ठेवून लोकलशिवाय भरली असती तर तोही मराठी अंकांच्या पहिल्याच ओळीला थांबला असता. आणि ऑकची बेरीज का जुळली? ऑकसुद्धा अनोळखी मजकूर शून्यच धरतो. दोन साक्षीदारांनी एकच चूक केली होती आणि मी तिला पुरावा मानलं होतं.

एसक्यूलाइटने तिसरंच केलं. त्याने "४.५" हा मजकूर जसाच्या तसा आकड्यांच्या कॉलममध्ये ठेवून दिला. बेरजेत तो शून्य धरला जातो, पण तुलनेत एसक्यूलाइटच्या नियमाने मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. म्हणून फॅट दहाच्या वर असलेल्या ओळी मागितल्या तेव्हा तात्यांचा अख्खा जुलै समोर आला. २०२१ च्या शेवटी आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट टेबल मिळतं, ते असं चालू देत नाही.

त्या शून्यांचा अर्थ मला नीट माहीत होता. संघाने ही आकडेवारी घेऊन बिलं तपासली असती, तर एकशेतीस घरांना जुलै २०२१ मध्ये विनाकारण पैसे गेले असं दिसलं असतं. त्यात आमचं घरही.

पोस्टग्रेसच घ्यायचा, हे मी त्या दुपारी ठरवलं. त्याची अडचणही आहे. एका ओळीपायी तो आधीच्या बत्तीस लाख ओळी सोडून देतो आणि टेबलात त्यांची मेलेली जागा व्हॅक्यूमने साफसफाई होईपर्यंत पडून राहते. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीपासून चुकीच्या ओळी वगळून पुढे जायचा पर्याय आहे, पण वगळलेली ओळ कोणाची तरी असते, म्हणून मी तो वापरत नाही. माझ्याकडे आता मधलं टेबल असतं, सातही कॉलम नुसत्या मजकुराचे. कॉपी त्यात करायची, तिथे काहीच अडत नाही. मग ट्रान्स्लेट फंक्शनने मराठी अंक इंग्रजी करायचे, किमतींची तपासणी करायची आणि खऱ्या टेबलात न्यायच्या. वेळ जवळपास दुप्पट लागतो. तो मी भरण्याच्याच वेळात धरते.

पूर्ण झाल्यावर तात्यांना परत फोन केला. त्यांनी रजिस्टरमधली पानाखालची बेरीज वाचली, मी पडद्यावरची. प्रत्येक पाळी अशी जुळवली. संध्याकाळी आईला तिच्या क्रमांकाचा जुलै दाखवला. चष्मा लावून तिने तारखांवरून बोट फिरवलं आणि तेवीसच्या जागी थांबली. बावीसच्या संध्याकाळनंतर एकदम सत्तावीसची सकाळ होती, मध्ये एकही ओळ नव्हती. ती म्हणाली, "बरोबर हाय. पाण्याचं चार दिस रस्ताच बंद हुता. दूध वासरांस्नी पाजलं आन् गल्लीत वाटलं."

२०२२-२३ ची फाइल काल आली. आधी तिच्यात मराठी अंक शोधतेय.